पांढऱ्या पट्टीची रोपं

प्रिय भिंगू,

फोनवर मी तुला नुसतं 'सही करू नकोस, चाचणी बिघडली होती, पुन्हा करते' एवढंच सांगितलं आणि त्यानंतर इतक्या आठवड्यांत तू एकदाही 'कशी बिघडली?' म्हणून खोदून विचारलं नाहीस. आधी मला आश्चर्य वाटलं, मग वाईट वाटलं. लहानपणी एखाद्या किड्याला पाय किती ते कळल्याशिवाय जेवायला न येणारी तू. हातात कायम ते आजोबांचं भिंग, त्यावरून तर तुझं भिंगू झालं. तीच तू काही न विचारता 'बरं ताई' म्हणून फोन ठेवलास, तेव्हा तू आतून किती दमली आहेस ते मला कळलं. म्हणून सगळ्यात आधी निकाल सांगते, बाकीचं पाल्हाळ नंतर. तुझी बाटली म्हणजे नुसतं पाणी नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, माझ्या हातांनी तोललं. जादू नाही, पण पाणीही नाही. हे पुन्हा एकदा वाच आणि चहा करून घे, कारण पत्र लांबणार आहे.

तू तो बाटल्यांचा खोका घेऊन आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. स्वयंपाकघराच्या टेबलावर एकेक तपकिरी बाटली मांडलीस, जणू काही पिल्लं दाखवायला आणली होतीस. एका थेंबात किती जिवाणू असतात, ते मुळांना कसे चिकटतात, मातीत अडकून पडलेलं अन्न मोकळं करून झाडाला कसं देतात, हे सांगताना तुझा चहा गार होऊन गेला. आणि मग तुझा आवाज उतरला. साहेबांना बाटलीवर छापायचंय की पीक तीस टक्के वाढतं. कंपनीच्या शेतावर तसं दिसलंय म्हणे. पण तिथे मोजायला विक्रीवालेच होते, त्यांनी फोटोसाठी सगळ्यात उंच झाड निवडलं आणि शेजारी सगळ्यात बुटका माणूस उभा केला, हे तूच सांगितलंस आणि आपण दोघी किती हसलो होतो. तुला ते आकडे नको होते. तुला खरं काय ते हवं होतं. 'ताई, तुझ्या नर्सरीत कर. तुला खोटं बोलता येत नाही, शाळेत असल्यापासून तुझे कान लाल होतात,' असं म्हणून तू ते काम माझ्या गळ्यात घातलंस.

काम सोपं होतं. काचेच्या शेडमध्ये काकडीच्या रोपांच्या रांगा लावायच्या. एका रांगेच्या खुंट्यांना लाल पट्टी, शेजारच्या रांगेला पांढरी. लाल पट्टीला बाटलीतलं औषध घातलेलं पाणी, पांढरीला साधं पाणी. माती तीच, ऊन तेच, खत तेवढंच. झाऱ्यासुद्धा तू वेगळ्या करून दिल्यास, मुठीवर लाल आणि पांढरी चिकटपट्टी गुंडाळून. आणि पाणी घालायचं काम बाबांकडे, कारण त्यांच्यासारखं सारखं पाणी कुणाच्या हाताला साधत नाही. तू हे सगळं समजावत होतीस तेव्हा बाबा हनुवटीवर हात ठेवून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, तुला आठवतो का? 'म्हणजे ह्या पांढऱ्यांना काहीच नाही?' तू म्हणालीस, 'नाही बाबा, त्यांना काहीच नाही, तीच तर गंमत आहे.' बाबा 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'कडे आपण दोघींनीही लक्ष दिलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. तोडणी झाली, मी टोपल्या भरभरून तोलल्या, मुळं धुऊन बघितली. लाल आणि पांढऱ्यात तसूभर फरक नाही. मी आकडे फोनवर वाचून दाखवले. तू म्हणालीस, 'म्हणजे इतकी वर्षं मी पाणीच ढवळत बसले ताई.' तू रडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तू रडली नाहीस, तू एकदम व्यवहाराचं बोलायला लागलीस. अहवालात 'उपयोग नाही' असं लिहून देणार, सही करणार, काम बंद करायला सांगणार आणि तो दूध तपासायच्या प्रयोगशाळेतला नोकरीचा निरोप आलाय तिथे 'हो' म्हणणार. दुधात पाणी आहे की नाही एवढं तरी खात्रीने सांगता येईल, असं म्हणून तू हसलीस. ते हसू मला अजून टोचतं.

तेव्हा तुला समजूत घालायला मी धड शब्दही शोधले नाहीत, त्याचं कारण आज सांगते. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तुझ्यापासून एक गोष्ट मी लपवली होती. मला वाटत होतं बाबांची स्मरणशक्ती चालली आहे.

घाबरू नकोस. मघाशी निकाल आधी सांगितला तसाच हाही आधी सांगते: बाबा ठणठणीत आहेत. तुझ्यामाझ्यापेक्षा त्यांचं डोकं जास्त चालतं, आणि तोच सगळा घोळ आहे. पण ते महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. झालं असं की बाबा सकाळी पाणी घालायचे आणि दुपारी मी काउंटरवर गिऱ्हाइकांच्या गराड्यात असले की पुन्हा झारी घेऊन शेडमध्ये जायचे. एकदा मी मध्येच कात्री आणायला आत गेले तर हे पांढऱ्या रांगेपाशी झारी घेऊन उभे. मी म्हटलं, बाबा, सकाळी झालं ना पाणी? ते दचकले, झारीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'झालं होतं का? अगं, विसरलोच बघ.' मी हसून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात परत तेच. त्यानंतर परत. बाटल्या भराभर संपायला लागल्या, विचारलं तर 'सांडली वाटतं माझ्या हातून' म्हणाले. आणि तू आणखी बाटल्या पाठवल्यास तेव्हा मी तुलाही तेच सांगितलं, सांडली म्हणून. तेव्हा माझे कान नक्की लाल झाले असणार.

आपण काकांचं पाहिलंय, भिंगू. त्यांचंही असंच छोट्या छोट्या गोष्टींनी सुरू झालं होतं. आधी चष्मा हरवायचा, मग वहाणा फ्रिजमध्ये सापडायला लागल्या, आणि शेवटी काकूंनाच 'आपण कोण?' विचारायला लागले. बाबा त्यांचे सख्खे भाऊ. दुपारच्या शांत शेडमध्ये झारी घेऊन गोंधळून उभे असलेले बाबा दिसले की मला काकाच आठवायचे. तुला सांगितलं असतं तर तू सगळं टाकून धावत आली असतीस. एकतर तू आधीच खचलेली, त्यात हे. म्हणून मी आणि तुझ्या भावोजींनी ठरवलं, आधी डॉक्टरांना दाखवू, मग बघू.

डॉक्टरीण बाईंनी बाबांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने ते पुन्हा विचारले. बाबांनी सगळी उत्तरं बरोबर दिली, वर त्यांच्या खिडकीतल्या कुंडीकडे बोट दाखवून 'हिला तुम्ही पाणी पाजून मारताय' असंही सुनावलं. परत येताना व्हॅनमध्ये मध्येच म्हणाले, 'चमचा, खिडकी, घोडा.' मी म्हटलं काय? तर म्हणे त्यांचे तीन शब्द, विसरलो नाहीये अजून. त्या दिवसापासून जेवायला बसले की आधी 'चमचा, खिडकी, घोडा' म्हणायचे आणि माझ्याकडे तिरके बघायचे. मला मात्र हसू येत नव्हतं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, आत्ता काळजीचं काही दिसत नाही, पण तुम्हाला घरात जाणवतंय तर लक्ष ठेवा. तो 'पण' मी घरी घेऊन आले. व्हॅनची किल्ली त्यांच्याकडून घेतली. दुकानाच्या किल्ल्या घेतल्या. बाबांनी कमरेचा जुडगा सोडला आणि माझ्या हातावर ठेवला. मी त्या दिवशी कुंड्यांच्या मागे बसून पोटभर रडून घेतलं.

आता गंमत ऐक. चाचणीचा निकाल लागला, मी तुला फोन केला आणि फोन ठेवून बाबांना सांगितलं की दोन्ही रांगांत काहीच फरक नाही. तर बाबांचा चेहरा उजळला. 'अरे वा! छान!' म्हणाले. तू तिकडे कोसळली होतीस आणि हे म्हणतात छान! माझी खात्रीच पटली की आता यांना काही कळेनासं झालंय. तू काम सोडणार हे मी त्यांना सांगितलंच नाही. आजारी माणसाला कशाला त्रास द्या, असा माझा शहाणपणा.

तोडणी झाली तरी वेल उभेच होते. दोन-तीन दिवसांनी दुपारी मी शेडच्या टोकाला ट्रेंच्या चळतीमागे खाली बसून रिकाम्या पिशव्या घड्या घालत होते. बाबांना मी दिसत नव्हते. ते आले, खिशातून तपकिरी बाटली काढली, झाकणभर औषध पांढऱ्या झारीत मोजून घातलं, डोळ्याजवळ धरून अगदी रेघेपर्यंत, आणि पांढऱ्या रांगेला घालायला लागले. घालताना हलक्या आवाजात बोलत होते. 'घ्या. तुम्हीपण घ्या. तिला दिलं आणि तुम्हाला नाही, असं आपल्या घरात होत नाही.'

हे वाक्य तू किती वेळा ऐकलं असशील ते आठव. एकच उकडलेलं अंडं उरलं की ते दोरा घेऊन बसायचे, पिवळ्या बलकाचे बरोब्बर दोन भाग होतील असं कापायचे आणि हेच म्हणायचे. मला ताप आला आणि शाळेला सुट्टी मिळाली, तर तू रडलीस म्हणून तुलाही घरी ठेवलं. तुला चष्मा लागला आणि तू तो घालायला तयार होईनास, तेव्हा मलाही एक चष्मा करून आणला, साध्या काचांचा. वर्षभर मी तो घालून शाळेत गेले, भिंगू, डोळे चांगले असताना. बाईंनी विचारलं नंबर किती, तर मी काय सांगणार? असा माणूस आपण निवडला, आणि त्याच्या हातात दोन झाऱ्या देऊन सांगितलं की अर्ध्या रोपांना उपाशी ठेव.

मी ट्रेंच्या मागून उठले तेव्हा बाबांनी सवयीने झारी पाठीमागे नेली आणि तोंड उघडलं, पण 'विसरलो' म्हणायच्या आधीच मी त्यांच्या गळ्यात पडले. ते पार गोंधळले. बिचाऱ्यांना वाटलं आता ओरडा बसणार, आणि ही बाई हसतेय आणि रडतेय आणि 'तुम्ही विसरला नव्हता, तुम्ही विसरलाच नव्हता' असं म्हणत सुटलीये. माझा जीव भांड्यात पडला म्हणजे किती पडला ते शब्दांत सांगता येणार नाही. काकांचं ते सगळं, त्या फ्रिजमधल्या वहाणा, सगळं एका दमात माझ्या छातीवरून उतरलं. त्यांच्या बाटलीचा आणि तुझ्या चाचणीचा काय संबंध ते तर मला नंतर सुचलं. सुचलं तशी मी बाबांना तिथेच सोडून फोनकडे पळाले. तुला जे दोन वाक्यांत सांगितलं ते धापा टाकत सांगितलं, ते त्यामुळे.

संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी बाबांना समजावून सांगितलं. तू काम सोडणार होतीस, का सोडणार होतीस, हे सांगितलं. ते पालथ्या क्रेटवर बसले, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, 'मला वाटलं सगळीच चांगली वाढली तर पोरगी खूश होईल.' आणि मला एकदम लक्षात आलं की यंदा आमच्या पांढऱ्या रांगासुद्धा कधी नव्हे इतक्या तरारल्या होत्या. गिऱ्हाइकं म्हणत होती, मीसुद्धा म्हणत होते, आणि श्रेय देत होते हवेला! किल्ल्यांचा जुडगा मी त्यांच्या हातात परत दिला. मी विचारलं, बाबा, किल्ल्या काढून घेतल्या तेव्हा तरी सांगायचं होतंत. तर म्हणाले, 'सांगितलं असतं तर तू औषध बंद केलं असतंस. ती रोपं मध्येच वाऱ्यावर सोडायची?' मी डोक्यावर हात मारून घेतला.

दुसरी फेरी त्यांच्याच हातून केली, आणि तू यावर नाक मुरडायच्या आधी ऐक. आमचा करार झाला. पांढऱ्या पट्टीच्या रोपांची वाटणी बुडवायची नाही, फक्त मोजणी होईपर्यंत थांबवायची. एक सीलबंद बाटली त्या रोपांच्या नावाने फ्रिजमध्ये ठेवली. बाबांनी तिला स्वतः पांढरी पट्टी गुंडाळली. 'उशिरा मिळालं तरी चालेल, पण मिळायला हवं,' असं म्हणाले आणि मग मात्र शब्दाला जागले. रोज दोन्ही झाऱ्या घेऊन पांढऱ्या रांगेपुढे उभे राहायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता, पण साधं पाणीच घातलं. मी बाटली रोज तपासत होते, खोटं कशाला बोलू.

आता तुझ्या कामाचं. या वेळी मी तीन जागी लावलं. पहिली जागा म्हणजे रोपांचे ट्रे. पिशवीतलं तयार मिश्रण, ज्यात तू म्हणतेस तसं जिवंत काहीच नसतं. तिथे फरक डोळ्यांना दिसला. लाल पट्टीच्या रोपांची मुळं ट्रेमधून काढल्यावर पांढरीशुभ्र, दाट, मिश्रण घट्ट धरून आलेली. पांढऱ्या पट्टीच्या रोपांचं अर्धं मिश्रण हातातच गळालं. लावायलासुद्धा लाल रोपं आठवडाभर आधी तयार झाली. दुसरी जागा शेडमागचा जुना वाफा, ज्यात आपण वर्षानुवर्षं पालापाचोळा कुजवून घालतोय. तिथे काही म्हणजे काही फरक नाही. हे मी लपवणार नाही, आणि तूही लपवू नकोस. त्या मातीत आधीच इतके जिवाणू भरलेत की तुझ्या पाहुण्यांना बसायला जागा मिळाली नसेल. तिसरी जागा रस्त्याकडेची रेताड पट्टी, जिथे कधीच काही धड येत नाही. तिथे लाल वेलांवर पांढऱ्यांपेक्षा जास्त काकड्या आल्या, साधारण दहाला एक जास्त. तीस टक्के नाहीत. तुझ्या साहेबांना हवे तेवढे नाहीतच. पण त्या जास्तीच्या काकड्या खऱ्या आहेत, मी खाल्ल्यात.

आणखी एक गोष्ट अशी की तुझे भावोजी एक बाटली व्हॅनमध्ये काचेपुढे भर उन्हात विसरले. (बघ, खरे विसरभोळे कोण ते. त्यांना कुणी डॉक्टरांकडे नेत नाही.) ती टाकून देण्याऐवजी मी वेगळ्या ट्रेंना घातली. त्या ट्रेंचं आणि साध्या पाण्याच्या ट्रेंचं एकसारखंच. आतले जिवाणू सगळे मेलेले. तेव्हा बाटलीवर तीस टक्क्यांऐवजी मोठ्या अक्षरांत लिही की हे जिवंत आहे, सावलीत ठेवा. आत्ता ती ओळ इतकी बारीक छापलीये की वाचायला तुझं ते भिंग लागतं. आणि कुठे उपयोग होतो, कुठे होत नाही, तेही लिही. साहेब चिडतील तर चिडू देत. माझ्यासारख्या नर्सरीवालीला 'ट्रेमध्ये घाल, जुन्या वाफ्यात वाया घालवू नकोस' एवढं खरं कुणी सांगितलं तर ती दरवर्षी बाटली घेईल. तीस टक्क्यांच्या आशेने घेणारा एकदाच घेतो आणि मग शिव्या घालतो. तू इतकी वर्षं पाणी ढवळलं नाहीस, भिंगू. तू थोडंसं, काही ठिकाणी, नीट सांभाळलं तर उपयोगी पडेल असं काहीतरी केलंस. मला तर ते पुष्कळ वाटतं. आमच्या धंद्यात आठवडाभर आधी तयार होणारं रोप म्हणजे काय, ते मला विचार.

आकडे सगळे वेगळ्या कागदावर सोबत जोडलेत, ते तुझ्या अहवालासाठी. हे पत्र मात्र त्यासाठी नाही. मोजणी झाली त्याच दिवशी बाबांनी फ्रिजमधली ती बाटली काढली आणि पांढऱ्या पट्टीच्या उरलेल्या रोपांना त्यांची वाटणी घातली, शेवटच्या थेंबापर्यंत. हात धुतले आणि मला म्हणाले, 'आता माझी वाटणी.' मला कळेना. मग हळूहळू बोलले. 'तुमची आई गेल्यापासून मी तुझ्याकडे आहे. तिच्याकडे दोन दिवसांच्या वर कधी राहिलो नाही. एकीला दिलं आणि दुसरीला नाही, असं आपल्या घरात होत नाही.' तर या थंडीत ते तुझ्याकडे येताहेत, चांगले उन्हाळ्यापर्यंत राहायला. वसंतात तू बोलावलं होतंस तेव्हा मीच काहीबाही कारण सांगून टाळलं होतं, कारण मला वाटत होतं ते वाटेत हरवतील. आता एकटे येताहेत. शनिवारच्या बसने, मांडीवर दोन ट्रे घेऊन, एक लाल आणि एक पांढरा. चाचणी कुणी बिघडवली ते तुला स्वतःच्या तोंडाने सांगायचं म्हणून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय की मी आधी काही बोलणार नाही. ते वचन मी मोडलंय, आणि त्याचसाठी हे पत्र. मला माहीत आहे, तुझं आयुष्यभराचं काम त्यांच्या झारीने बुडायच्या बेतात होतं, तुला राग येणारच. तो आज येऊ दे, उद्याही राहू दे, पण शनिवारी दार उघडशील तेव्हा तो संपलेला असू दे. ते सांगतील तेव्हा पहिल्यांदाच ऐकतेयस असं ऐक. अडखळले तर 'विसरलात का?' असं मात्र चुकूनही म्हणू नकोस. आणि सोबतच्या दोन्ही ट्रेंना तुझ्या खिडकीत सारखंच ऊन मिळेल अशी जागा करून ठेव, नाहीतर ते पहिल्याच दिवशी तुझं सामान हलवायला लागतील. नर्सरीत दुपारी शेड रिकामी वाटेल, पण मला सवय होईल. तुझ्या वाटणीचे बाबा तुझ्याकडे पोचले की मला फोन कर.

तुझीच, आता कान लाल न होता लिहिणारी,
ताई